नेम नीट द्या, मग घाबरवा

भुताखेतांच्या नेमबाजीच्या खेळाकडून माझी एकच अपेक्षा असते. मी बंदूक जिथे रोखली, गोळी तिथेच लागली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी ही अपेक्षा पुरी होत होती. आता होत नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. म्हणून मी करतो आहे.

सेगाचा ‘द हाउस ऑफ द डेड’ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्केडमध्ये आला. थॉमस रोगन आणि ‘जी’ हे दोन एजंट डॉ. क्युरियनच्या वाड्यात शिरतात आणि त्याच्या प्रयोगांतून तयार झालेले झॉम्बी त्यांच्या अंगावर येतात. हा रेल शूटर आहे, म्हणजे कुठे चालायचं, कुठे थांबायचं, मान कधी वळवायची हे सगळं गेमच ठरवतो. तुम्हाला पळता येत नाही, मागे फिरता येत नाही, दार लावून घेता येत नाही. तुमच्या हाती राहतो तो फक्त नेम. अशा खेळात नेमच बिघडला तर खेळायला काय उरतं?

आणि सेगाने त्या एका नेमावर केवढं उभं केलं होतं! गोळी लागेल तिथलं मांस निघतं, हात तुटतो, आणि एक हात गेलेला झॉम्बी उरलेल्या हाताने पुढे येतच राहतो. बंदुकीत गोळ्या सहा. त्या संपल्या की बंदूक पडद्याबाहेर रोखून चाप ओढायचा, तेव्हा ती भरते. म्हणजे अंगावर येणाऱ्या झॉम्बीवरून क्षणभर नेम काढावाच लागतो. त्या क्षणात मला जी भीती वाटलेली आहे ती पुढच्या कितीतरी महागड्या गेमांत वाटली नाही. वाटेत झॉम्बींच्या तावडीत सापडलेले शास्त्रज्ञ भेटतात. त्यांना वाचवलं तर कधी जास्तीची लाइफ मिळते, चुकून त्यांनाच गोळी लागली तर आपली एक लाइफ जाते. सुरुवातीलाच एका पुलावर झॉम्बी एका माणसाला खाली फेकायच्या बेतात असतो. तो वाचला की आपण एका वाटेने जातो, पडला की दुसऱ्या. शेवटसुद्धा एकच नाही. एका शेवटात, वाड्यात अडकलेल्या ज्या सोफीसाठी एवढा आटापिटा केला तीच झॉम्बी होऊन समोर येते.

चॅरियट, हँगडमॅन, हर्मिट, मॅजिशियन या बॉसची नावं टॅरोच्या पत्त्यांवरून घेतली आहेत. प्रत्येकाशी लढण्याआधी त्याची माहिती पडद्यावर येते आणि शरीरातला कच्चा भाग कोणता हे दाखवलं जातं. चॅरियट चिलखतात मढलेला, छातीचा थोडासा भाग तेवढा उघडा. मॅजिशियन तर आगीचे गोळे फेकत इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या उघड्या भागावर नजर ठरवणंच कठीण. इथे बोटभर चूकही चालत नाही.

हे सगळं जमत होतं त्याचं कारण जुन्या टीव्हीत होतं. सीआरटी पडद्यावर चित्र ओळीओळीने वरून खाली रंगत जातं, सेकंदाला साधारण ६० वेळा. लाइट गनमधला सेन्सर आपल्यासमोरचा ठिपका नेमका कधी उजळला तो क्षण पकडतो, आणि त्या वेळेवरून नेमाची जागा कळते. बंदूक खरोखर पडद्याकडे पाहत असे. सपाट पडदे आले तशा या बंदुका निकामी झाल्या. तरीही २००८ मध्ये दुसरा आणि तिसरा भाग वी या गेम कन्सोलवर आले तेव्हा टीव्हीजवळच्या पट्टीतल्या इन्फ्रारेड दिव्यांवरून रिमोटला नेमाचा अंदाज येत होता. पडदा कुठे आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

एप्रिल २०२२ मध्ये मेगापिक्सेल स्टुडिओने केलेला पहिल्या भागाचा रिमेक स्विच या कन्सोलवर आला. चित्र नवं झालं, झॉम्बींच्या झुंडी अंगावर सोडणारा एक प्रकारही त्यात घातला. मूळ संगीत मात्र नाही, त्याच्या जागी नवं आहे, आणि वाड्याच्या दारातच माझा विरस झाला. पण ते मी सोसलं असतं. खरी तक्रार गायरोची आहे. हातातला जॉयकॉन, म्हणजे स्विचचा कंट्रोलर, किती वळला एवढंच गायरो मोजतो, पडदा त्याला दिसत नाही. मोजमापातल्या बारीकशा चुका साठत जातात आणि नेम हळूहळू बाजूला सरकतो. मग बटण दाबून तो पुन्हा मधोमध आणायचा. मॅजिशियन अंगावर येत असताना नेम मध्यावर आणायचा की गोळी झाडायची? त्या क्षणी मला झॉम्बीची भीती वाटत नाही, बटणाची काळजी वाटते. रिमेक घ्यायचाच असेल तर कॉम्प्युटरवर घ्या आणि माउसने खेळा. हातात बंदूक नसते, पण गोळी तरी सांगितल्या जागी जाते.

बंदूक हातात हवी म्हणून मी मॉलमधल्या गेम झोनमध्ये जातो. तिथल्या झॉम्बी-नेमबाजीच्या यंत्राला दोन बंदुका असतात आणि बहुतेक वेळा त्यातली एकच बरी असते. दुसरीचा नेम डावीकडे तरी जातो किंवा चाप दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. हे कळतं ते कार्ड स्वाइप झाल्यावर. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “दादा, ही बंदूक चालते ना?” की “एकदम ओके आहे सर, बिनधास्त खेळा” हेच उत्तर मिळतं. त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. शेजारी लहान मुलांची आगगाडी गाणी म्हणत फिरते, डोक्यावर पांढरा लख्ख उजेड असतो आणि मुलं दचकू नयेत म्हणून आमच्या यंत्राचा आवाज इतका कमी केलेला असतो की मागून येणारा झॉम्बी ऐकूच येत नाही. भीतीच्या खेळाला थोडा अंधार आणि आवाज लागतो. हे यंत्र एका कोपऱ्यात, पडद्याआड, पोरांपासून लांब ठेवता येणार नाही का?

यंत्र महाग असतं, जागेचं भाडं असतं, हे मला मान्य आहे. पण नेम जुळवायला वेगळा खर्च येत नाही. अशा यंत्रांच्या टेस्ट मेन्यूत बंदूक जुळवायची सोय दिलेलीच असते. पडद्यावर दाखवलेल्या खुणांवर गोळ्या मारायच्या आणि ते जतन करायचं, काही मिनिटांचं काम. गेम झोन चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी शटर उघडल्यावर, हे काम करा. दोन्ही बंदुकांचं करा, कारण दुसऱ्या बंदुकीवर उभ्या राहणाऱ्यानेही तेवढेच पैसे भरलेले असतात.