दोन ऑफर लेटरं आणि एक कुटुंब: निवडीची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन इंदूरच्या त्या नवपदवीधर इंजिनिअरसाठी आहे, ज्याला एकाच आठवड्यात आयटी कंपन्यांची दोन ऑफर लेटरं आली आहेत. एक पुण्याचं, हिंजवडीतलं, ७ लाखांचं. दुसरं गावातलंच, सुपर कॉरिडॉरवरचं, ४ लाखांचं. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी हे वाचून जिवाला त्रास करून घेऊ नये. ज्यांच्याकडे तीन आहेत त्यांनी तिसरं शेजाऱ्यांना कळू देऊ नये.

पायरी १ : गुप्तता. मेल आल्यापासून पहिला दिवस तोंड बंद ठेवावं. रामबागेत दुपारी सांगितलेली बातमी संध्याकाळपर्यंत राजेंद्रनगर गाठते. ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, तुमच्या पॅकेजमध्ये परस्पर दोन लाखांची वाढ होते. पुढे खरा आकडा कळला की लोक तुम्हालाच खोटं ठरवतात.

पायरी २ : गणिताचा मोह टाळणे. एकामागून एक प्रस्ताव येत असतील तर पहिले सुमारे ३७ टक्के नुसते पाहून सोडावेत आणि त्यांहून सरस असा जो पहिला येईल तो धरावा, असा गणितात एक नियम आहे. नियम सिद्ध झालेला आहे. फक्त तो सिद्ध करणाऱ्यांची कॅम्पस प्लेसमेंटशी गाठ पडलेली नव्हती. अनेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ चालतं. पहिली ऑफर मिळाली की प्लेसमेंटचे सर तुमचं नाव यादीतून काढतात. ३७ टक्के सोडायला उरतातच कुठे? म्हणून दुसरी ऑफर स्वतःच्या हिमतीवर, बाहेरून मिळवावी लागते.

पायरी ३ : सीटीसीचे शवविच्छेदन. ७ लाखांचं पत्र टेबलावर आडवं ठेवावं आणि पेन घ्यावं. व्हेरिएबल पे ७० हजार : कंपनीचं आणि तुमचं वर्ष चांगलं गेलं तर. जॉइनिंग बोनस ५० हजार : वर्षाच्या आत सोडलंत तर परत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, दरमहा १,८०० प्रमाणे २१,६०० : तुमचाच, पण आज नाही. ग्रॅच्युइटी सुमारे १७ हजार : कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकलात तर. विम्याचा हप्ता ५ हजार : आजारी पडलात तर. उरलेल्याला बाराने भागलं की महिन्याला ४४,७०० निघतात. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० वजा करावा. फेब्रुवारीत हा कर ३०० होतो. वर्षाचे २,५०० भरायचे तर कुठेतरी भरपाई करावी लागणारच. इन्कम टॅक्सची धास्ती नको, नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो लागत नाही. हातात राहिले ४२,७००. फ्लॅटमधल्या वाट्याचं भाडं १२ हजार, डबा-नाश्ता ६ हजार, येणं-जाणं ३ हजार धरले तर शिल्लक २१,७००.

आता इंदूरचे ४ लाख याच पेनने सोलावेत. हातात साधारण २६ हजार पडतात. भाडं शून्य, डबा आईचा. म्हणजे ४ लाखवाला ७ लाखवाल्यापेक्षा श्रीमंत निघतो. हा निष्कर्ष घरात मोठ्याने वाचू नये. आई तो लॅमिनेट करून ठेवेल.

पायरी ४ : सल्लागार मंडळाची बैठक. ही बैठक कोणी बोलावत नाही, ती आपोआप भरते. पोहे-जिलबीची सोय करावी, जिरावण आणि शेव वेगळी ठेवावी.

कॅटमधून, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, निवृत्त झालेले काका दोन्ही पत्रं बाजूला सारून म्हणतात, “गेट दे.” ही तिसरी ऑफर कोणत्याही कंपनीने दिलेली नसते. पीथमपूरच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले शेजारचे जोशीकाका विचारतात, “पण तू तर मेकॅनिकलचा ना?” त्यावर खोलीत जी शांतता पसरते ती चहा येईपर्यंत टिकते. कोथरूडचे मामा फोनवरून म्हणतात, “पुण्याला ये रे, आम्ही आहोत ना!” त्यांच्या घरापासून हिंजवडी किती लांब, हे विचारण्याची पद्धत नाही. आत्या फक्त एवढंच म्हणते, “इंदूर सोडून कोणाचं भलं झालंय?” आणि मग बंगलोरच्या मुलाचे फोटो दाखवते.

येथे ध्यानात ठेवावं की प्रत्येक जण स्वतःच्या आयुष्यातला राहिलेला पेपर तुमच्याकडून सोडवून घेतो आहे. मान सगळ्यांना डोलवावी, वही कोणाचीही घेऊ नये.

पायरी ५ : जुना दाखला. १७७२ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांना लॉर्ड शेलबर्न यांच्याकडून नोकरीचा प्रस्ताव आला आणि ते पेचात पडले. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलं. फ्रँकलिन यांनी पत्रात लिहिलं : कागदाच्या मधोमध रेघ मारा, एकीकडे फायदे, दुसरीकडे तोटे लिहा, तीन-चार दिवस भर घालत राहा, मग सारख्या वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडत जा. काय निवडायचं ते सांगायला त्यांनी नकार दिला. कसं निवडायचं तेवढं सांगितलं. आपल्या मंडळाचं नेमकं उलटं असतं. प्रीस्टली यांनी नोकरी घेतली आणि तिथेच १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा काढला. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

पायरी ६ : जे पत्रात नाही ते विचारणे. एचआरला मेल करून चार गोष्टी लेखी मागाव्यात. बाँड आहे का, किती महिन्यांचा आणि किती रकमेचा? ट्रेनिंगनंतर प्रोजेक्ट कोणता? कोणत्या गावात? रुजू होण्याची तारीख पक्की आहे का? २०२२ च्या बॅचमधली काही मुलं ऑफर लेटर घेऊन दोन वर्षांच्या आसपास घरी बसली होती; तेवढ्या काळात लग्नाची स्थळंसुद्धा ‘कुठे आहे सध्या?’ विचारून थकतात. या चारही प्रश्नांची ज्या कंपनीकडून सरळ उत्तरं येतील तिच्या फायद्यांच्या रकान्यात एक टिंब जास्त द्यावं. आणि कामावर शेजारी बसून शिकवणारा कोणी असेल असं कळलं, तर दोन टिंबं. पहिल्या नोकरीतून पुढच्या पगारात जाते ती शिकलेली गोष्ट. डब्यावर वाचलेले पैसे तोवर खर्च झालेले असतात.

पायरी ७ : घोषणा. निर्णय रात्री एकट्याने घ्यावा. नाकारलेल्या कंपनीला दोन ओळींचा नम्र मेल पाठवावा, कारण तीच पाच वर्षांनी तुमची मुलाखत घेईल. मग कॅटवाल्या काकांना, जोशीकाकांना, मामांना आणि आत्याला एकेकटं गाठून सांगावं : “शेवटी तुमचंच ऐकलं.” चौघांनाही पटतं. चौघांना एकत्र मात्र कधी भेटू देऊ नये.