आणखी एक दही

पॅकेज, म्हणजे संगणकावर बसवण्याजोगे बांधलेले सॉफ्टवेअर, स्वहस्ते बांधावे की ते काम एखाद्या मदतनीस स्क्रिप्टवर सोपवावे, हा वाद वरकरणी आळशी आणि उद्योगी माणसांच्या जुन्या भांडणासारखा दिसतो. परंतु २००२ साली अवतरलेल्या आर्च लिनक्स या संगणकप्रणालीच्या वापरकर्त्यांत त्याला सोवळ्याओवळ्याची धार आलेली आहे.

या प्रणालीच्या अधिकृत भांडारांबाहेर एयूआर नावाचे एक सार्वजनिक भांडार असून तेथे कोणीही सभासद पॅकेजची कृती ठेवू शकतो. कृती हा शब्द येथे पाककृतीच्याच अर्थाने घ्यावा, कारण पीकेजीबिल्ड नावाच्या त्या फाइलमध्ये तयार पदार्थ नसतो. मूळ कोड कोठून आणावा, तो वाटेत कोणी बदलला नाही हे चेकसम नावाच्या ठशाशी कसे ताडावे, तो कसा शिजवावा आणि कोणत्या ताटात वाढावा, एवढेच तीत लिहिलेले असते. मात्र ही कृती बॅश भाषेत लिहिलेली, प्रत्यक्ष चालणारी असल्यामुळे ‘मीठ चवीपुरते’ या ओळीखाली ‘कपाटाची किल्ली शेजारी नेऊन द्यावी’ अशीही ओळ तीत खपून जाते, आणि संगणक दोन्ही ओळी सारख्याच निष्ठेने पाळतो.

म्हणून कर्मठ पक्ष सांगतो की कृती उतरवून घ्यावी, ती नजरेखालून घालावी आणि मगच मेकपीकेजी ही आज्ञा द्यावी. आता मेकपीकेजी हीदेखील एक भलीमोठी स्क्रिप्टच आहे, आणतेही तीच आणि शिजवतेही तीच, हे या पक्षाला सांगणे म्हणजे पुरण हाताने वाटल्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरात मिक्सरकडे बोट दाखवण्यासारखे आहे. पुष्कळदा तिच्याही पोटात स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली रचलेला मेक हा बांधणीचा कार्यक्रम बसलेला असतो. (त्याच्या आज्ञांची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, ही खोड वेळीच न काढण्याचे कारण असे की तोवर त्याचे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्या मित्रमंडळींची गैरसोय फेल्डमन यांना करायची नव्हती.)

मदतनिसांच्या घराण्यात याऊर्त हा एकेकाळी फार लोकप्रिय होता. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ दही. कृती मालकाला दाखवण्याआधीच ती स्वतः चालवून पाहण्याची त्याची सवय मात्र आंबट निघाली. त्याच्यानंतरच्या एका मदतनिसाचे नाव ‘ये’, म्हणजे ‘येट अनदर योगर्ट’, अर्थात आणखी एक दही; मराठी कानाला ते आमंत्रणासारखे वाटते. हा वंशज सुसंस्कृत असून कोणत्या कृतींतील बदल दाखवू, असे अदबीने विचारतो, आणि वापरकर्ता, पूजेला बसलेला यजमान गुरुजींच्या संकल्पावर ‘मम’ म्हणतो तशा भक्तिभावाने, काहीही न वाचता एंटर दाबतो.

या ‘मम’ची किंमत अधूनमधून कळते. जुलै २०१८ मध्ये पीडीएफ वाचण्याच्या अ‍ॅक्रोरीड या बेवारस पॅकेजला कोणा अनोळखी सभासदाने दत्तक घेतले आणि बाहेरची स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ कृतीत घुसवली. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावांचे मुखवटे चढवलेली तीन पॅकेजे आली आणि ती काढली जाईपर्यंत सुमारे दोन दिवस गेले. या प्रसंगांत न वाचता स्वहस्ते बांधणारा तितकाच बुडाला असता आणि मदतनिसाकरवी का होईना, कृती वाचणारा तरला असता, त्यामुळे कर्मठांचा रोख चुकीच्या नोकरावर आहे असे म्हणावे लागते. तथापि नोकर अगदीच निर्दोष नाही: एका दमात तीस पॅकेजे ताजी करून देणारा मदतनीस तीस कृती वाचण्याइतका धीर कोणाच्या अंगी उरू देत नाही.

आर्चच्या विकीवर या मदतनिसांना पाठिंबा नसल्याचे ठळक बजावलेले असते, आणि त्याच पानावर खाली त्यांच्या गुणदोषांचा तपशीलवार तक्ता मांडलेला असतो, जणू उपवासाला न चालणाऱ्या पदार्थांच्या यादीखाली त्यांच्याच कृती द्याव्यात. अधिकृत भांडारात मात्र त्यांना थारा नाही. त्यामुळे ‘ये’ला घरात आणायचे तर त्याची स्वतःची कृतीही एयूआरमधूनच उतरवावी लागते आणि पहिल्या खेपेस मेकपीकेजीने हातानेच बांधावी लागते, विरजणापुरते दही तेवढे ज्याचे त्याने करायचे.