पाच पदं, वीस टेबलं

इंग्रजीत स्वर किती, असं विचारलं की पहिलीतलं पोरही एका दमात सांगतं: ए, ई, आय, ओ, यू. ही झाली मंजूर पदं. कामाचा बोजा वेगळाच. ब्रिटिश उच्चार प्रमाण धरले तर तोंडातून वीसेक स्वर काढावे लागतात. पाच माणसांत वीस टेबलं! जोडीला 'वाय' कंत्राटावर घेतलाय, पण तो कधी व्यंजन, कधी स्वर. हजेरी नेमकी कुठे मांडायची?

एकट्या 'ए'चे हाल बघा. कॅटमध्ये ॲ, केकमध्ये ए, कारमध्ये आ, बॉलमध्ये ऑ. इंग्रजीत सर्वांत जास्त ऐकू येतो तो साधा अ. नेमकं त्यालाच पद नाही. अबाउट, टेकन, पेन्सिल, लेमन, सर्कस: पाचही जण ते काम आळीपाळीने उरकतात. शब्दाच्या शेवटच्या खुर्चीतला मुका 'ई' म्हणजे तर साक्षात साहेब. स्वतः तोंड उघडत नाही, पण नुसता येऊन बसला की 'हॅट'चा 'हेट' होतो.

घोळ झाला तो बदल्यांमुळे. साधारण 1400 ते 1700 या काळात झाडून साऱ्या दीर्घ स्वरांच्या बदल्या निघाल्या. मध्येच 1476मध्ये मुद्रक विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि दारावरच्या जुन्या पाट्या, म्हणजे स्पेलिंग, हळूहळू पक्क्या झाल्या. माणसं हलली, पाट्या राहिल्या. बदल्यांआधी, कवी चॉसरच्या काळी, 'हाउस' चक्क 'हूस' होता. आमच्या गावच्या शाळेतलं पोर 'नेम' हा शब्द 'नामे' असा वाचतं, तेव्हा चॉसरने त्याची पाठ थोपटली असती. गुरुजी कान पिळतात.

हा घोळ निस्तरायला नाटककार बर्नार्ड शॉने इंग्रजीच्या किमान 40 अक्षरांच्या नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. 1950मध्ये तो गेला, मृत्युपत्र कोर्टात गेलं आणि 1962मध्ये त्याचं एक नाटक त्या लिपीत छापून निघालं. पुढे योजना फाइलबंद.

आपल्याकडे मात्र कधी नव्हे ती भरती झाली. बॅट आणि बॉलसाठी रोजंदारीवर लागलेले 'ॲ' आणि 'ऑ' 2009च्या शासन निर्णयाने वर्णमालेत कायम झाले. ॲपलच्या पहिल्या स्वराला खुद्द इंग्रजीत स्वतःचं अक्षर नाही, मराठीत आहे. तरीही तो शिकायला आम्ही पोराला फी भरून फोनिक्सच्या क्लासला घालतो.