कॅमेरा बंद ठेवणाऱ्या अधीक्षकांस

अधीक्षक महाशय,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. आश्रमशाळेच्या व्हरांड्यातला कॅमेरा ज्याच्या ताब्यात असताना नको त्याच रात्री बंद पडतो, त्या प्रत्येकाला हे पत्र आहे.

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात लाइट जाते, हे आम्हाला शिकवू नका. लाइट गेली तर सगळेच कॅमेरे जातात. मुलींच्या वसतिगृहाच्या दारावरचा तेवढाच कसा आंधळा होतो? अनुदानाची हजेरी भरताना घरी पळालेलं पोरही तुम्हाला वर्गात बसलेलं दिसतं. तीच नजर घेऊन रात्री एक फेरी मारायला काय झालं होतं?

दिवाळीनंतर आईबाप भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात आणि लेकरं तुमच्या हवाली करतात. पाड्यावर दार उघडायला कुणी नसतं. लेकरानं तक्रार करायची तर तुमच्याकडेच, आणि तक्रार तुमचीच असेल तर?

2016 च्या नोव्हेंबरात बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा गावच्या आश्रमशाळेतले अत्याचार उघडकीस आले. मुली दिवाळीच्या सुटीत घरी गेल्या आणि घरच्यांशी बोलल्या, म्हणून. सुटी लागली नसती तर?

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. तिथलं 15 दिवसांचं चित्रीकरण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. 21 ऑगस्टला शासन निर्णय निघाला: शाळांनी महिन्याभरात कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासावं. निर्णय हवाच होता. पण चावी पुन्हा संस्थेच्याच खिशात राहिली. मुख्याध्यापक बघणार, मग मुख्याध्यापकाकडे कोण बघणार?

अमेरिकेतल्या टेक्सासनं 2001 मध्येच कायदा केला: शुश्रूषागृहातल्या वृद्धाला किंवा त्याच्या पालकाला स्वतःच्या खर्चानं खोलीत कॅमेरा लावता येतो, सोबत राहणाऱ्याची संमती मात्र लागते. तिथे कॅमेऱ्याचा हक्क राहणाऱ्याचा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 रोजी पोलीस ठाण्यांचं चित्रीकरण 18 महिने जपायला सांगितलं. कोठडीतल्या आरोपीला जे मिळालं ते वारली-कातकरी मुलीला का मिळू नये?

मुलींच्या खासगीपणाचं काय, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर देतो. झोपण्याच्या खोलीत, न्हाणीघरात कॅमेरा नकोच. तिथे रात्रभर मुक्कामी असणारी महिला अधीक्षिका हवी. कॅमेरा हवा फाटकावर, व्हरांड्यात, स्वयंपाकघरात आणि तुमच्या कार्यालयाच्या दारावर. मुलींना कार्यालयात कधी, कोणत्या वेळी बोलावलं जातं, ते आम्हाला पाहायचं आहे.

चित्रीकरणाची दुसरी प्रत जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात राहू द्या. कॅमेरा बंद पडला तर त्याच दिवशी लेखी कळवा, कारणासकट. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना महिन्यातून एकदा पडद्यासमोर बसवा. त्यांना सही येत नसेल, पण आपल्या लेकीची चाल त्या अंधारातही ओळखतात.

समितीची पुढची बैठक आईबाप जगायला निघण्याआधी लावा, आणि येताना पासवर्ड घेऊन या.

— जव्हारचा एक पालक