भंवरकुआंचा स्वराज्य-पेपर

इंदूरच्या भंवरकुआं चौकाभोवती स्पर्धा परीक्षांचे क्लास दाटीने उभे आहेत. तिथली मुले ७४वी घटनादुरुस्ती घोकतात: महापालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. इंदूर महापालिकेची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधली सुमारे अडीच वर्षे कारभार प्रशासकाने हाकला. परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्याला शून्य गुण मिळाले असते.

महापौर निवडायचा कोणी, हाही गमतीचा प्रश्न. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने तो हक्क नगरसेवकांकडे दिला. पुढे शिवराजसिंह चौहान सरकारने तो जनतेला परत केला, पण फक्त महापालिकांपुरता. २०२२ मध्ये नगरपालिकांचे अध्यक्ष मात्र नगरसेवकांनीच निवडले. म्हणजे मोठ्या शहरातला मतदार शहाणा, लहान गावातला अजून शिकाऊ ठरला!

२०२२ मध्ये भाजपचे पुष्यमित्र भार्गव काँग्रेसच्या संजय शुक्लांना लाखाहून अधिक मतांनी हरवून महापौर झाले. मार्च २०२४ मध्ये शुक्लाही भाजपमध्ये गेले.

त्याच वर्षी लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली, तेव्हा इंदूरकरांनी २,१८,६७४ मते ‘नोटा’ला दिली.

विरोधी पक्षाचा उमेदवार मतमोजणीनंतरही विरोधी पक्षातच राहील, एवढी हमी तरी इंदूरच्या मतदाराने आता मागून घ्यावी.