लेकराचं नाव : मुलगा

वऱ्हाडात बारावीचा निकाल लागला की पेढ्याआधी आजोबा शोधायला लागतात. इंजिनीअरिंगला ओबीसीतून जायचं तर जात पडताळणी हवी, आणि पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा भक्कम. मग सगळा तालुका कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसिलीत. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. पुतण्यासोबत मीही गेलो.

“आता सारं कॉम्प्युटरवर आहे भाऊ,” बाबू म्हणाले. खोटं नव्हतं. महसुलाचे जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन द्यायला सरकारने सुरुवातीला जे सात जिल्हे घेतले, त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही. विदर्भाचा अनुशेष तेवढ्यापुरता तरी भरून निघाला! बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला. आत एकच कूलर, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. माणसं रुमालाने वारा घेत होती.

बाबूंनी आजोबांचं नाव टाकलं. नोंद आढळली नाही. आढळणार कशी? कोतवाल बुकात जन्म लागायचा तो बारशाच्या आधी. बापाचं नाव आहे, जात आहे, गाव आहे, आणि लेकराच्या रकान्यात नुसतं ‘मुलगा’. आमचे आजोबा पुढे सरपंच झाले, पण सरकारदरबारी ते अजून मुलगाच.

“नुसतं ‘मुलगा’ टाकून पाहा ना.”

“अख्खा तालुका येईन नं मंग!”

शेवटी कोपऱ्यातल्या स्टुलावरचे म्हातारे शिपाई उठले. गाव विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं, “दुष्काळाच्या आधीचे का नंतरचे?” असंही विचारलं, आणि लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढून आणला. वाळवीने समास खाल्ला होता, जात शाबूत ठेवली होती. हे शिपाई लवकरच निवृत्त होणार आहेत. त्यांचा बॅकअप घ्यायचं कोणाच्याच डोक्यात नाही. स्कॅनिंगला निविदा निघते, सूची करायला माणूस मिळत नाही.

पान सापडल्यावर त्याचा स्कॅनही सापडला. त्यावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता, नेमका जातीच्या रकान्यावर. मग मूळ पानाची झेरॉक्स, तिच्यावर ‘खरी नक्कल’चा शिक्का, शिक्क्यावर सही. सही करणारे साहेब मिटिंगला. विषय : कागदविरहित कार्यालय.

ती नक्कल घेऊन सेतूत गेलो. तिथल्या पोरीने ती पुन्हा स्कॅन केली, फाइल मोठी होते म्हणून इतकी दाबली की आजोबा, पणजोबा आणि शिक्का एकमेकांत मिसळले. दोनदा सर्व्हर बसला, एकदा लाइन गेली, पण अर्ज गेला. पुतण्याने घरी पेढे आणले.

परवा मोबाइलवर मेसेज आला : पडताळणीसाठी मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष हजर राहावे.