जळक्या ऑईलचा मालक

आमच्या पीपलरावां गावाला समुद्र नाही. सोनकच्छची कालीसिंध चंबळ, यमुना, गंगा अशा नातेवाइकांकडे मुक्काम करत बंगालच्या उपसागराला पोचते, एवढीच गावाची खाऱ्या पाण्याशी सोयरीक. तरी जहाजांच्या तेलावर बोलतो, कारण ऑईल आम्हाला कळतं.

इथल्या गॅरेजात मिस्त्री ट्रॅक्टरचं जळकं ऑईल पत्र्याच्या डब्यात उतरवतो. फेकत नाही. वाळवी लागू नये म्हणून कुणी चौकटीला लावायला मागतं, कुणी कुंपणाच्या खांबांना. उरलेलं विकलं जातं. आणि चौकात कुणाच्या ट्रॅक्टरचं ऑईल सांडलं, तर पहिली मोटारसायकल घसरायच्या आत मालकाचं नाव, बापाचं नाव आणि बँकेचे किती हप्ते थकलेत हेही गावाला ठाऊक असतं.

जहाजाचं जळकं ऑईल बंदरात उतरवायला मात्र पैसे मोजावे लागतात. 'मार्पोल' हा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, इंजिनखोलीतलं तेलकट पाणी गाळा, दहा लाख भागांत तेल १५ भागांच्या आत आणा, मगच समुद्रात सोडा आणि वहीत नोंद करा. वही लिहायची कुणी? जहाजावरच्यांनीच. दुधात पाणी किती घातलं हे गवळ्यानेच लिहून खाली सही ठोकायची! मग गाळणीला वळसा घालून एक नळी थेट समुद्रात जाते. दर्यावर्दी लोक तिला 'मॅजिक पाइप' म्हणतात. अशाच नळीपायी २०१६ मध्ये 'प्रिन्सेस क्रूझेस' कंपनीला अमेरिकेत ४ कोटी डॉलरचा दंड बसला. पकडलं कुणी? वहीने नव्हे. नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने नोकरी सोडली आणि तक्रार केली.

आता मुंबईकडे या. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही जहाजं बंदराच्या तोंडाशीच एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल पाण्यात, कंटेनर लाटांवर, कांदळवनं काळी, आणि मुंबईकराच्या ताटातून मासा गायब. वर्ष भरायला तीन दिवस असताना, ४ ऑगस्ट २०११ला, 'राक कॅरिअर' ६० हजार टन कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालं. माणसं वाचली, तेल किनाऱ्याला लागलं.

'चित्रा' कुठलं? पनामाचं. 'राक कॅरिअर'? तेही पनामाचं. पनामाने त्यांना कधी डोळ्यांनी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. इंदूरहून सुटणारी बस नागालँडच्या पासिंगवर धावते ना, तोच प्रकार. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या, खलाशी तिसऱ्या, आणि तेल आपल्या दारात. बॉम्बे हायची नळी १९९३ मध्ये फुटली, तेव्हा निदान ओएनजीसीचा पत्ता शोधत फिरावं लागलं नाही.

अलिबागला आमची मावशी पावसाळा आला की ओट्यावर रॉकेलची बाटली आणि चिंधी काढून ठेवते. वाळूत खेळून आलेल्या पोरांच्या तळव्याला समुद्रातून आलेल्या तेलाच्या डांबरासारख्या गोळ्या चिकटतात, पाण्याने निघत नाहीत. कुठल्या जहाजाच्या, हे मावशीने कधी विचारलं नाही. विचारणार कुणाला?

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात तेलाच्या प्रदूषणाचा भाग १९८३ मध्ये घातला, आणि २०२५ मध्ये संसदेने अख्खा कायदाच नवा केला. कागद चोख आहे. पण 'राक कॅरिअर'साठी सरकारच्या आधी मुंबईचे पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता यांना हरित लवादाकडे जावं लागलं. लवादाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी कतारच्या जहाजकंपनीला १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालकाला, म्हणजे अदानी एंटरप्रायझेसला, ५ कोटी भरायला सांगितले.

तोवर पाच वर्षं उलटली होती आणि जहाज कोळशासकट तळाशीच होतं.